टाइप वन डायबेटीस असलेल्या मुलाच्या घरच्यांना आपण नातेवाईकांनी नेमकी काय मदत करावी?

रानजाई

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते, आज लिहायचं कारण घरचंच आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला, वय वर्षं १४, दिवाळीनंतर टाइप वन डायबेटीस निघाला. ती मंडळी लातूरला, आम्ही पुण्यात. आधी बरेच दिवस पोरगं सारखं पाणी प्यायचं, रात्री उठउठून बाथरूमला जायचं, वजन उतरलं, तर सगळे म्हणाले उंची वाढतेय म्हणून अंग धरत नाहीये. मग एक दिवस पोट दुखायला लागलं, उलट्या, मोठमोठा श्वास, दवाखान्यात नेलं तर मीटरवर शुगरचा आकडाच येईना, नुसतं 'हाय'. डीकेए, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठणं, झाला होता, आयसीयूत ठेवावं लागलं. आता घरी आहे, दिवसाला चार इंजेक्शनं चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही.

माझा प्रश्न त्याच्या उपचाराचा नाहीये. मला काळजी वाटतेय बहिणीची आणि त्या घराची. ती रात्री दोन वाजता आणि परत पहाटे उठून त्याची शुगर बघते, दिवसा डोळे मिटतात तिचे. तिचे मिस्टर दुकान आणि बिलं यातच बुडालेत, काही बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात मीच लाडू चारले म्हणून झालं. भाचा तर एकदम गप्प झालाय, शाळेत दुपारचं इंजेक्शन घेत नाही, डबा तसाच परत आणतो. आणि धाकटी भाची, ९ वर्षांची, तिच्याकडे सध्या कुणाचंच लक्ष नाही. नातेवाईकांचे फोन चालू असतात, प्रत्येकाकडे एक औषध. आम्ही लांब राहणाऱ्यांनी काय करावं म्हणजे त्यांचं ओझं खरंच कमी होईल? ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गोदाकाठ

रानजाई, तुमची पोस्ट वाचून मला आमचं पहिलं वर्ष आठवलं. माझी लेक आता अकरावीत आहे, सहावीत असताना निघाला. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, बहिणीला फोन करून 'आज शुगर किती होती' हे विचारू नका. दिवसभर ती तेच बघत असते, त्यात फोनवर पुन्हा तोच हिशोब द्यायचा म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं होतं. तिला विचारा जेवलीस का, झोपलीस का.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही स्वतः शिका. नुसतं वाचून नाही, लातूरला जा आणि त्यांच्या डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सोबत बसा. बोटातून रक्त घेऊन शुगर बघणं, इन्सुलिनच्या पेनमध्ये (पेनासारखं इंजेक्शन) नवीन सुई लावून डोस फिरवणं, इंजेक्शन पोटावर मांडीवर जागा बदलत देणं (एकाच जागी दिलं की तिथे गाठ येते आणि मग इन्सुलिन नीट शोषलं जात नाही), आणि शुगर ७० च्या खाली गेली तर काय करायचं. हे चार प्रकार ज्याला येतात तोच माणूस त्या घरात मदतीचा. बाकीचे पाहुणे. कडू वाटेल पण खरं आहे, आमच्याकडे पहिल्या वर्षात किती तरी जण 'काही लागलं तर सांगा' म्हणून गेले, मनापासूनच म्हणाले असतील, पण मुलीला दोन तास त्यांच्याकडे ठेवायची सोय कुणाकडेच नव्हती कारण कुणालाच काही येत नव्हतं. माझ्या नणंदेने शिकून घेतलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी आणि हे दोघं मिळून एका लग्नाला जाऊ शकलो.

तर तुम्ही शिकलात की शनिवारी रात्री तिथे जाऊन राहा आणि बहिणीला दार लावून झोपू द्या. रात्रीची तपासणी तुम्ही करा. आठ तास सलग झोप ही तिच्यासाठी आत्ता सगळ्यात मोठी भेट आहे.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना कामाला लावा. आमच्या सासूबाईंना मी मीटर वापरायला शिकवलं. आता संध्याकाळी खेळून आल्यावरची शुगर त्याच बघतात आणि वहीत लिहितात. हातात काम आलं की तो 'माझ्यामुळे झालं' चा घोर कमी होतो. आणि त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा की लाडवांचा काही संबंध नाही, सुनेने सांगितलेलं पटत नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं पटतं.

सुगरण७२

रानजाई ताई, फार वाईट वाटलं वाचून. एवढं लहान लेकरू. माझ्या सासऱ्यांची शुगर कारल्याचा रस आणि मेथ्या सुरू केल्यावर बरीच खाली आली होती, गोळ्या पण कमी झाल्या. आमच्याकडे एक वैद्य आहेत ते म्हणतात की लहान वयात पकडलं तर इन्सुलिन सुटतं. हवं असेल तर पत्ता देते. मनापासून सांगतेय.

वाटीचमचा

सुगरण ताई, तुमचा हेतू चांगलाच आहे आणि सासऱ्यांचा अनुभवही खरा असेल, पण त्यांचा आजार वेगळा. मी आहारतज्ज्ञ आहे आणि डायबेटीस एज्युकेटर म्हणून काम करते, म्हणून जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

टाइप टूमध्ये शरीरात इन्सुलिन तयार होत असतं पण ते कमी पडतं किंवा नीट काम करत नाही. तिथे वजन, आहार, गोळ्या यांनी फरक पडतो. टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या नष्ट होतात. इन्सुलिन बनतच नाही किंवा नावापुरतं. ते बाहेरून द्यावंच लागतं, रोज, जन्मभर. गोड खाल्ल्यामुळे होत नाही, आईने काही केलं किंवा नाही केलं म्हणून होत नाही, बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणालाच टाइप वन नसतो.

आता ते 'इन्सुलिन सुटतं' बद्दल, कारण हीच जागा सगळ्यात धोक्याची आहे. निदान होऊन उपचार सुरू झाले की काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांची गरज एकदम कमी होते. उरलेल्या थोड्या पेशींना जरा विश्रांती मिळालेली असते म्हणून. याला हनिमून पिरियड म्हणतात, काही महिने चालतो, कुणाचा वर्षभरही. नेमका याच काळात घरात काढा, पुड्या, अंगारा असं काही तरी सुरू झालेलं असतं आणि डोस कमी झाला की श्रेय त्याला जातं. मग कुणीतरी म्हणतं आता बंदच करून बघू. इन्सुलिन पूर्ण बंद केलं तर मूल एकदोन दिवसांत परत डीकेएमध्ये जाऊ शकतं आणि त्यात जीव जातो. मी अशी मुलं पाहिलीत. रानजाई, बहिणीच्या घरी हे आत्ताच, हनिमून सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, आणि नातेवाईकांचे असे फोन तुम्ही स्वतःकडे वळवून घ्या. 'तिला नको, मला सांगा' म्हणायचं. लांबून करता येण्यासारखं हे खूप मोठं काम आहे.

अजून एक, आजारपणात म्हणजे ताप उलट्या असताना 'जेवला नाही म्हणून इन्सुलिन पण नको' हे कधीही करायचं नाही. उलट आजारात शुगर वाढते. लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की तयार होणारी आम्लं, डीकेएची खूण) बघायच्या पट्ट्या घरात असाव्यात, पाणी पाजत राहायचं, डॉक्टरांना फोन करायचा, आणि उलट्या थांबत नसतील किंवा श्वास मोठा व्हायला लागला तर थेट हॉस्पिटल.

आणि इन्सुलिन आणायला कुणी दुसरं जाणार असेल तर हे लक्षात ठेवा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक यू-४० (एका मिलीमध्ये ४० युनिट) असतं आणि पेनच्या काडतुसातलं यू-१०० (एका मिलीमध्ये १०० युनिट). यू-४० ची सिरिंज लाल टोपणाची, यू-१०० ची केशरी. मेडिकलवाल्याने चुकीची दिली तर डोस अडीच पटीने चुकतो. ज्याला औषधं आणायला पाठवाल त्याला आधीच्या खोक्याचा फोटो देऊन पाठवा.

सुगरण७२

हे मला खरंच माहीत नव्हतं, इतकं नीट समजावल्याबद्दल आभार. वैद्यांचं मागे घेते. रानजाई ताई, मी लातूरचीच आहे, बहिणीला डबा, दवाखान्यात सोबत, काहीही लागलं तर मला व्यनि (खासगी निरोप) करा.

आडवाट

मला ११ व्या वर्षी निघाला, आता २४ चा आहे, नोकरी करतो पुण्यात. मी भाच्याच्या बाजूने लिहितो, कारण घरच्यांना मदत करायची तर आधी घरात त्या पोराशी भांडणं कमी व्हायला पाहिजेत.

१४ व्या वर्षी सगळ्यात जास्त काय टोचतं तर सुई नाही. बोलणं टोचतं. शाळेतून आलं की दारातच 'शुगर किती आहे बघ'. चिडलं की 'शुगर बघितलीस का'. अहो कधी कधी माणूस नुसता चिडलेला असतो, मॅच हरलेला असतो, कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. शुगर कमी झाल्यावर चिडचिड होते हे खरंय, तपासायलाही पाहिजे, पण आधी एक वाक्य त्याच्याशी माणसासारखं बोला मग मीटर काढा.

आकड्याला चांगला वाईट म्हणू नका. २८० आला तर 'काय खाल्लंस' हा प्रश्न पहिला येतो घरात, आणि पोरगं चोर ठरतं. या वयात वाढीची आणि वयात येण्याची हार्मोन्स इन्सुलिनला विरोध करतात, काही न खाता पहाटे शुगर चढते, परीक्षेच्या टेन्शनने चढते. सगळं नीट करूनही चढते. आमच्या ग्रुपमधली कितीतरी पोरं डॉक्टरच्या भेटीआधी वहीत खोटे आकडे भरायची, १२०, १३५, ११०, वेगवेगळ्या पेनांनी. ती खोटारडी नव्हती, घरी खरे आकडे दाखवायची भीती वाटायची. २८० बघून आई जर 'बरं, आता करेक्शन (चढलेली शुगर उतरवायचा जादा डोस) किती घ्यायचं सांग' एवढंच म्हणाली तर कुणी खोटं लिहिणार नाही.

शाळेत इंजेक्शन का घेत नाही याचं उत्तर त्यालाच विचारा पण आईने नका विचारू, तुम्ही मावशी आहात, तुम्हाला सांगेल कदाचित. बहुतेक वेळा कारण इतकंच असतं की घ्यायला जागा नसते. बाथरूममध्ये जाऊन घ्यायचं म्हणजे घाण वाटते, आणि वर्गात शर्ट वर करायचा म्हणजे सगळे बघतात, 'ड्रग्ज घेतोय' म्हणतात. एक खोली आणि एक मित्र एवढं मिळालं की प्रश्न सुटतो. मित्र फार महत्त्वाचा. एका जवळच्या मित्राला तरी सगळं माहीत असू द्या, लो, म्हणजे शुगर फार कमी, झाल्यावर शाळेत तोच पहिला ओळखतो.

आणि त्याला क्रिकेट आवडत असेल तर वसिम अक्रमचं सांगा, १९९७ मध्ये टाइप वन निघाला, त्यानंतर २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला, फास्ट बोलर. डॉक्टर सांगतात त्यापेक्षा हे जास्त आत जातं. अजून एक मला स्वतःला फार आवडणारी गोष्ट. टोरांटोमध्ये जानेवारी १९२२ मध्ये जगात पहिल्यांदा ज्या डायबेटीसच्या पेशंटला इन्सुलिन टोचलं तो लिओनार्ड थॉम्पसन, १४ वर्षांचा पोरगा होता. तुमच्या भाच्याएवढाच. त्याच्याआधी या आजाराच्या पोरांना उपाशी ठेवून काही महिने जगवायचे. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, तोच जागतिक मधुमेह दिन आणि आपला बालदिन.

रानजाई

किती लिहिलंत सगळ्यांनी, एकेक प्रतिसाद परत परत वाचतेय. गोदाकाठ, या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, सोमवारी त्यांची डॉक्टरांची भेट आहे, मी सोबत जाणार. सुगरण ताई, व्यनि केलाय. आडवाट, तुमचा प्रतिसाद बहिणीला जसाच्या तसा पाठवला, तिने उत्तरात फक्त 'हो' लिहिलं.

शाळेशी कुणी आणि कसं बोलायचं? बहिणीच्या मिस्टरांचं मत आहे की शाळेत सांगायचंच नाही, उगाच शिक्का बसतो.

फळाखडू

मी माध्यमिक शाळेत शिकवते, कोल्हापूर जिल्हा. आमच्या शाळेत टाइप वनची दोन मुलं आहेत. आधी त्यांच्या मिस्टरांना एवढंच सांगा की न सांगितल्याने शिक्का टळत नाही, धोका मात्र वाढतो. शुगर कमी झाली की मूल घामाघूम होतं, हात थरथरतात, बडबडतं किंवा बाकावर डोकं ठेवून बसतं. ज्या बाईंना माहीत नाही त्या म्हणणार झोपतोयस काय, उठ, बाहेर उभा राहा. लो असताना त्याला एकट्याला पायऱ्या उतरून ऑफिसात पाठवणं हे सगळ्यात वाईट, आणि माहीत नसलं की नेमकं तेच होतं.

काय करायचं तर मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पीटीचे सर, या तिघांना एकत्र भेटायचं. डॉक्टरांचं पत्र द्यायचं. आणि एकाच पानावर मराठीत ठळक लिहून द्यायचं: लो ची लक्षणं, मग लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी, अजून कमी असेल तर परत तेवढंच, नंतर काहीतरी खायला. चॉकलेट द्यायचं नाही कारण त्यातल्या स्निग्धामुळे साखर चढायला वेळ लागतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि हॉस्पिटल. खाली फोन नंबर. आमच्याकडे हे पान शिक्षक खोलीत लावलंय आणि बदली शिक्षक आले की त्यांना पहिलं दाखवतो.

इंजेक्शनसाठी आम्ही प्रयोगशाळेच्या शेजारची खोली दिलीय, दार लागतं, बेसिन आहे. मूल म्हणालं तर मित्राला सोबत पाठवतो.

परीक्षेचं. सीबीएसईने २०१७ मध्ये परिपत्रक काढून टाइप वनच्या मुलांना पेपरला साखरेच्या गोळ्या, फळ, थोडं खाणं, पाण्याची बाटली, ग्लुकोमीटर न्यायला परवानगी दिली. राष्ट्रीय बाल हक्क आयोगानेही २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना लिहिलंय की या मुलांना वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या. त्याची प्रत छापून सोबत न्या, कागद दिसला की बोलणं सोपं जातं. राज्य मंडळाच्या दहावीला आम्ही मुख्याध्यापकांच्या सहीने डॉक्टरांच्या पत्रासकट परीक्षा केंद्राला आधीच कळवतो. पेपरच्या दिवशी दारात सांगायला गेलात तर तो पर्यवेक्षक तरी काय करणार.

हे सगळं आईलाच करायला लावू नका. मावशी म्हणून तुम्ही ते एक पान टाइप करून द्या, प्रती काढून द्या.

भीमथडी

मुलगा १८ चा, निदान आठवीत. बाबांबद्दल लिहितो कारण त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही.

तुमच्या बहिणीचे मिस्टर गप्प आहेत ते बहुधा हिशोबामुळे. मीटरच्या स्ट्रिपा रोज चारपाच, सुया, इन्सुलिन, तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी), वर्षातून डोळे, किडनी, थायरॉइड. हॉस्पिटलचं बिल एकदा येतं आणि जातं, हा खर्च जात नाही. स्वतंत्र आरोग्यविमा या मुलांना सहजासहजी मिळत नाही, नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत मिळतं पण दुकानदाराला ती कुठली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, हिमोफिलिया आहे थॅलेसेमिया आहे, टाइप वन नाही, त्यामुळे त्या वाटेने काही मिळत नाही. केरळ सरकारने 'मिठायी' नावाची योजना काढून मुलांना इन्सुलिन आणि साधनं मोफत द्यायला सुरुवात केली, आपल्या महाराष्ट्रात तसं व्हायला पाहिजे असं मला कळकळीने वाटतं आणि मी आमच्या आमदारांना तसं लिहिलंयही.

तोवर संस्था आहेत. संभाजीनगरला 'उडान' आहे, टाइप वनच्या मुलांसाठीच, लातूरहून जवळ पडेल. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी उभी केलेली 'ड्रीम ट्रस्ट' आहे, गरीब घरातल्या मुलांना, त्यातही मुलींना, इन्सुलिन देते. 'चेंजिंग डायबेटीस इन चिल्ड्रन' हा उपक्रम भारतात २०११ पासून आहे, त्यांच्या केंद्रांवर गरजू मुलांना मोफत इन्सुलिन मिळतं, जवळचं केंद्र कोणतं ते डॉक्टरांना विचारा.

नातेवाईकांनी पैशाची मदत करायची असेल तर मोठी रक्कम हातात ठेवून अवघड करू नका. दर महिन्याचे स्ट्रिपांचे दोन डबे मी पाठवणार, असं ठरवून टाका आणि न बोलता पाठवत राहा. आमच्या मेव्हण्यांनी हेच केलं. घ्यायला संकोच वाटत नाही आणि त्यामुळे तपासण्या कमी होत नाहीत. पैसे कमी पडले की आधी कात्री तपासणीलाच लागते, इन्सुलिनला नाही, आणि न तपासता डोस देणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवणं.

लातूरचा उन्हाळा लक्षात घ्या. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत, दाराच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला लावून नाही, एकदा गोठलं की ते वाया. वीज जात असेल तर मातीचं मोठं मडकं, त्यात वाळू, त्यात छोटं मडकं, वाळू ओली ठेवायची आणि आतल्या मडक्यात इन्सुलिन डबीत घालून ठेवायचं. गाडीच्या डिकीत कधीही नाही.

आणि त्यांच्याशी बोलायला दुसरा बाप पाहिजे. माझा नंबर व्यनितून घ्या. मी दुकानाच्या वेळा सोडून कधीही बोलेन, मीही दुकानदारच आहे.

हडसनकाठ

न्यूजर्सीहून. आमचा पुतण्या साताऱ्याला, १५ वर्षांचा. त्याला आता सेन्सर लावलाय, दंडावर, दोन आठवडे चालतो आणि फोनवर शुगर सतत दिसते. त्याची माहिती दुसऱ्या फोनवरही बघता येते. तर आम्ही असं ठरवलंय की भारतातल्या रात्री म्हणजे आमच्या दुपारी संध्याकाळी तो फोन माझ्याकडे. अलार्म वाजला तर मी बघते, खरंच खाली चाललीय असं वाटलं तरच वहिनीला फोन करते, फोन उचलेपर्यंत वाजवते, नाही उचलला तर शेजारच्यांना. वहिनी अलार्म बंद करून झोपते. सेन्सर महाग आहे हे मान्य, आम्ही परदेशातले काका काकू मिळून त्याचा खर्च वाटून घेतो. ज्यांचे नातेवाईक बाहेर आहेत त्यांनी जरूर विचार करा. पण एक अट पुतण्याने घातली आणि ती आम्ही पाळतो, मी दिवसा त्याचे आकडे बघायचे नाहीत आणि त्याला त्यावरून कधीही मेसेज करायचा नाही.

आडवाट

हडसनकाठ, त्या अटीसाठी पुतण्याला माझा सलाम सांगा.

गोदाकाठ

मुलींबद्दल थोडं, हा धागा पुढे कुणी मुलीची आई वाचेल म्हणून. पाळीच्या आधी काही दिवस शुगर चढते, तेव्हा डोस बदलावा लागतो, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, डॉक्टर पुरुष असले तरी. दुसरं म्हणजे इन्सुलिन कमी घेतलं की वजन उतरतं हे मुलींना फार लवकर कळतं, आणि कुणी 'जाड झालीस' म्हटलं की काही जणी गुपचूप डोस चुकवतात. शुगर सतत चढलेली आणि वजन उतरतंय असं दिसलं तर ओरडू नका, डॉक्टरांना आणि समुपदेशकाला लगेच दाखवा. नातेवाईकांनी तर तिच्या वजनावर एक अक्षर बोलू नये.

आणि 'हिचं लग्न कसं होणार' हे वाक्य. माझ्या लेकीच्या समोर म्हटलं गेलंय, ती बारा वर्षांची असताना. इन्सुलिन घेऊन शुगर सांभाळणाऱ्या बायकांचे संसार होतात, मुलं होतात, नोकऱ्या होतात. घरातल्या मोठ्यांनी असं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे, तिच्यासमोरच थांबवावं. तिच्या मामाने थांबवलं होतं, तिला ते अजून आठवतं.

रानजाई

लातूरहून आले. थोडक्यात सांगते. इंजेक्शन आणि मीटर दोन्ही शिकले, पहिलं माझ्या हातून देताना भाचाच म्हणाला मावशी घाबरू नको, सरळ धर. शनिवारी रात्री मी जागले, बहीण सकाळी साडेआठला उठली. डॉक्टर म्हणाले रोज रात्री दोनदा उठायची गरज नाही, डोस बदलला असेल, आजारी असेल किंवा संध्याकाळी खूप खेळला असेल त्या रात्री बघा, कारण खेळाचा परिणाम कित्येक तासांनी रात्री दिसतो. सासूबाईंनी डॉक्टरांना स्वतः विचारलं लाडवांचं. आता कणकेचे गोळे त्याच वजन करून देतात.

धाकटीला मी एक दिवस नुसती घेऊन फिरले. तिने विचारलं मला पण होणार का. मी वाटीचमचा यांना व्यनित विचारून मग तिला उत्तर दिलं, ते त्यांनी इथेही लिहावं. शाळेचं पान तयार केलंय, फळाखडू यांना पाठवते, तपासून द्या. भीमथडी आणि बहिणीचे मिस्टर फोनवर बोलले, काय बोलले ते मला माहीत नाही, पण ते सोमवारी दुकान बंद ठेवून दवाखान्यात आले.

भाचा शाळेत इंजेक्शन का घेत नव्हता ते मला सांगितलं त्याने, ते इथे लिहीत नाही, त्याचं आहे. एवढंच की खोलीची सोय झालीय. आता पुढचा प्रश्न, जानेवारीत शाळेची सहल आहे, मुक्कामी. बहीण म्हणते नकोच. त्याला जायचंय. काय करावं?

वाटीचमचा

आधी धाकटीचं. भावंडाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते पण तरी शंभरात साधारण पाच-सहा, म्हणजे बहुतेक भावंडांना होत नाही. तिला खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणं यातलं काही दिसलं तर लगेच शुगर बघा, घरात मीटर आहेच. उगाच रोज तिची बोटं टोचू नका.

पोळीचं वजन करताय ते छान. २५ ग्रॅम कोरड्या पिठाच्या पोळीत साधारण १७ ग्रॅम कार्ब (शुगर वाढवणारे पिष्ट पदार्थ, ज्यावरून डोस ठरतो) धरा. उपवासाचा पदार्थ हलका असं समजू नका, १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ च्या वर कार्ब असतात.

सहलीला पाठवा. डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, चालणं जास्त होणार म्हणून डोस कमी करावा लागेल, किती तो तेच सांगतील. सामान दुप्पट आणि दोन पिशव्यांत, एक त्याच्या पाठीवर, एक सरांकडे. इन्सुलिन बसच्या डिकीतल्या बॅगेत अजिबात नाही. ग्लुकोज पावडर, पार्ले बिस्किटं, मीटर, जादा सेल, स्ट्रिपा, कीटोनच्या पट्ट्या.

फळाखडू

आणि ज्या सरांचा त्या मुक्कामात चार्ज आहे त्यांना निघायच्या आधी घरी चहाला बोलवा, मीटर त्यांच्या हातात देऊन एकदा त्यांच्याच बोटाची शुगर बघायला सांगा. आमच्याकडे दोन्ही मुलं दरवर्षी सहलीला येतात. बहिणीने हवं तर मला फोन करावा, त्या मुलांच्या आयांशी बोलणं करून देते.

भीमथडी

जेवण बसच्या वेळेवर असतं, मुलाच्या नाही, हे सरांना सांगून ठेवा. आधी इंजेक्शन घेऊन ठेवायचं आणि जेवण तासभर उशिरा, असं होऊ द्यायचं नाही. ताट समोर आलं की मगच घ्यायचं. आमच्या पोराने नववीत रायगड केला, रोपवे नाही, पायऱ्यांनी.